गुरुवारी वाढवलेला डेटाबेस

‘जरा बघून ये’ या तीन शब्दांइतका राग रुपालीला दुसऱ्या कशाचाच येत नसे. इतक्या वर्षांच्या नोकरीत ‘जरा’ म्हणून सुरू झालेलं एकही काम जरा निघालं नव्हतं. खराडीतली तिची कंपनी लोकांच्या फायली सांभाळणाऱ्या यंत्रांची देखभाल करायची, आणि यंत्रं रुसली की त्यांची समजूत काढायला रुपालीला पाठवायची. आठवड्याचे पाच दिवस कर्वेनगर ते खराडी असं अख्खं पुणे ओलांडून झाल्यावर शनिवारी निदान पायरी उतरायची नाही, असा तिचा नेम होता. त्या शनिवारी केसांना तेल लावून ती निवांत बसली होती, आणि मॅनेजर योगेशचा फोन आला.

“रुपाली, तू कर्वेनगरलाच राहतेस ना? तिथे ती बोलक्या पुस्तकांची लायब्ररी आहे, ब्लाइंड स्टुडंट्सची. त्यांचा स्टोरेज सर्व्हर डेटाबेसला कनेक्ट होत नाहीये. वॉकेबल आहे गं तुला. जरा बघून ये ना.”

“हो सर, नक्की,” रुपाली म्हणाली. फार चिडली की ती फार गोड बोलायची. योगेशला हे अजून कळलेलं नव्हतं. तिच्या नवऱ्याला, तेजसला, कळलं होतं. त्यानं मुकाट्यानं चहाचा कप तिच्यासमोरून उचलला आणि आत नेऊन ठेवला.

रुपाली मूळची पुसदची. पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली होती की भाजीवाल्याशी भांडतानाही ती आता शुद्ध पुणेरी भांडायची. गावाकडची बोली उरली होती ती फक्त यंत्रांसाठी. समोरचा पडदा अडून बसला की ती दात-ओठ खाऊन पुटपुटायची, “काय करून रायला बे तू?” ऑफिसातल्या पोरांना याची गंमत वाटायची. तिला स्वतःला यात गमतीचं काही दिसत नव्हतं.

ग्रंथालय एका सोसायटीच्या तळमजल्यावर होतं. एका बंद खोलीत वाचक येऊन पुस्तकं मोठ्यानं वाचायचे, ती ध्वनिमुद्रित व्हायची आणि अंध विद्यार्थी ती घेऊन जायचे. तिथलं सगळं पाहणाऱ्या अस्मिताबाईंनी दार उघडलं आणि चपला काढायच्या आत गाऱ्हाणं सुरू केलं.

“कालपासून एक फाइल निघत नाहीये बघा. आणि ही मुलगी सकाळपासून बसून आहे.”

मुलगी म्हणजे चैताली. कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती, जवळच्याच वसतिगृहात राहायची. पांढरी काठी घडी करून मांडीवर ठेवून ती ताठ बसली होती.

“सोमवारी पुराव्याच्या कायद्याचा पेपर आहे, ताई,” ती म्हणाली. “सरांनी हातानं लिहिलेल्या नोट्स होत्या. मोबाइल ते हँडरायटिंग वाचत नाही, म्हणून इथल्या एका मावशींनी आठवडाभर बसून वाचल्या. सगळं रेकॉर्डिंग तुमच्या या सर्व्हरमध्ये आहे. गेल्या वेळी मी याच विषयात राहिले. परत राहिले तर वर्ष गेलं, आणि घरचे म्हणणार, झालं तेवढं शिक्षण बास, ये आता घरी. तेवढं बघा म्हणजे झालं.”

तेवढं बघा. रुपालीनं केसांचा आंबाडा घट्ट केला आणि खुर्ची ओढली.

आता या यंत्रांची रीत अशी की पुस्तकं एकीकडे आणि कुठलं पुस्तक कुठे आहे याची माहिती दुसरीकडे. स्वयंपाकघरात सारखे दिसणारे पन्नास डबे असावेत आणि कशात काय आहे ते फक्त आईला ठाऊक असावं, तसं. डबे होते ते साठवणुकीच्या सर्व्हरमध्ये, आणि आई म्हणजे डेटाबेस, तो आतल्या खोलीतल्या दुसऱ्या एका जुन्या यंत्रावर बसलेला. डबे सगळे जागेवर होते. आई बोलत नव्हती. सर्व्हर एकच वाक्य दाखवत होता: डेटाबेसशी संपर्क होऊ शकला नाही.

रुपालीनं आतल्या यंत्राला हाक मारून पाहिली. हाकेला उत्तर आलं, म्हणजे यंत्र जिवंत होतं, तारा ठीक होत्या. पण डेटाबेसचं दार वाजवलं की नकार. पहिली शंका जी कुणालाही येईल तीच तिला आली.

“आत डेटाबेस बंद तर नाहीये ना?” तिनं विचारलं.

“बंद?” अस्मिताबाई म्हणाल्या, “उलट काकांनी गुरुवारीच वाढवलाय. मला फोन करून सांगितलं त्यांनी, डेटाबेस वाढवलाय, उद्या बघून घ्या म्हणून. मी काल विश्वस्तांना कळवलंसुद्धा, की आपली क्षमता वाढली.”

काका म्हणजे गोपाळकृष्णकाका. नारायण पेठेत राहणारे, निवृत्तीनंतर ग्रंथालयाची यंत्रं हौसेनं सांभाळणारे. आतल्या यंत्राचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे होता आणि ते काल डोळ्याचं ऑपरेशन करून घरी पडले होते. रुपालीनं त्यांना फोन लावला.

“काका नमस्कार. आतल्या मशिनचा पासवर्ड हवा होता.”

“पासवर्ड फोनवर सांगत नसतात,” पलीकडून उत्तर आलं. “आपण इंजिनियर ना? आपल्याला ठाऊक हवं.”

रुपालीचा आवाज आणखी गोड झाला. “बरोबर आहे काका. मग निदान एवढं सांगा, गुरुवारी नेमकं काय केलंत?”

“गुरुवारी दिवसभर वीज जाणार होती. म्हणून सकाळी लवकर येऊन डेटाबेस व्यवस्थित वाढवला, मग यंत्र झोपवलं. वीज आल्यावर वॉचमननं बटण दाबलं असेल.”

वीज जाणार होती म्हणजे यंत्र उघडायला सवड मिळाली असणार, नवीन डिस्क बसवली असणार. रुपालीच्या डोक्यात चित्र तयार झालं. “किती वाढवला, काका?”

“किती म्हणजे? पूर्ण.”

“पूर्ण?”

“अर्धवट कोण वाढवतं?”

“नाही, म्हणजे वाढवताना काही एरर वगैरे?”

“अहो, बँकेत होतो तेव्हा रोज संध्याकाळी वाढवायचो. एरर यायला मी काय काल आलो?”

रोज संध्याकाळी? रुपालीनं कपाळाला हात लावला. हे गृहस्थ बँकेचा डेटाबेस रोज वाढवत असतील तर तो एव्हाना खडकवासल्यापर्यंत पोचला असायला हवा होता. डोळ्याबरोबर म्हाताऱ्याच्या कशाकशाचं ऑपरेशन झालंय, असा एक दुष्ट विचार तिच्या मनात येऊन गेला. “बंद नाही ना केला पण?” तिनं शेवटचं विचारलं.

“बंद?” काकांचा आवाज चढला. “बंद कशाला करीन मी? चांगलं चाललेलं काम आहे ते! नमस्कार.” आणि फोन ठेवला.

झालं. बंद नाही हे दोघांनी छातीठोकपणे सांगितल्यावर रुपालीनं ती शंका काढून टाकली आणि उरलेल्या सगळ्या शंकांच्या मागे लागली. वाढवताना डेटाबेस नव्या जागी हलवला असेल म्हणून तिनं पत्ते तपासले. दाराचा क्रमांक बदलला असेल म्हणून एकेक दार ठोठावलं. मधे कुठे पहारा बसवलाय का ते पाहिलं. सर्व्हर ज्या नावानं आत जातो ते नाव कुणी बदललंय का ते पाहिलं, नव्हतं बदललं. योगेशला फोन केला. त्यानं जाडजूड माहितीपुस्तिका पाठवून दिली आणि वर लिहिलं, ‘जरा चेक कर’. पुस्तिकेत पहिल्याच पानावर लिहिलं होतं की डेटाबेस चालू असल्याची खात्री करा. रुपालीनं ते पान चिडून उलटलं. पालथ्या घड्यावर पाणी ओतत बसणं म्हणजे काय, ते त्या सकाळी तिला पुरेपूर कळलं.

अशात तिच्या बाबांचा फोन आला. तिनं तो कापला. थोड्या वेळानं परत आला.

“बाबा, मीटिंगमध्ये आहे. करते नंतर.”

“बरं बरं. काई नाही, असाच केला होता. तू कर काम.”

“वडील का?” चैतालीनं विचारलं. ऐकू न येण्याचं सोंग तिला करता येत नव्हतं आणि ती करतही नव्हती.

“हो. हल्ली वेळी-अवेळी फोन करतात,” रुपाली वैतागून म्हणाली. “पुसदला बसस्टँडजवळ सायकलचं दुकान आहे त्यांचं. गुडघे गेलेत, मी वर्षभर मागे लागलेय की आता पुरे, पुण्याला या, दाखवू डॉक्टरांना. तर या वयात पाडव्याला दुकान वाढवलं त्यांनी! शेजारचा गाळा घेतला असणार. कुणाचं ऐकायचं म्हणून नाही.”

“भारीच आहेत की,” चैताली म्हणाली.

“डोक्याला ताप आहेत,” रुपाली म्हणाली खरी, पण त्यात थोडा अभिमान होता. पाडव्याच्या दिवशी ती एका बंद पडलेल्या सर्व्हरपाशी अडकलेली असताना त्यांचा फोन आला होता. बातमी ऐकून ती ‘अरे वा बाबा, अभिनंदन’ म्हणाली होती आणि फोन ठेवला होता. ऑफिसात पेढेही वाटले होते.

दुपार झाली. अस्मिताबाई जेवायला घरी गेल्या. चैताली जागची हलली नव्हती. तिच्यासाठी काहीतरी आणावं आणि आपल्यालाही चार घास मिळावेत म्हणून रुपाली बाहेर पडली. कोपऱ्यावरच्या फरसाणाच्या दुकानाचा मालक शटर अर्ध्यावर ओढून उभा होता.

“दोन बाकरवडीची पाकिटं द्या ना पटकन.”

“दुकान वाढवलंय,” तो म्हणाला आणि उरलेलं शटर खाली ओढलं. “चार वाजता या.”

काही वेळ रुपाली त्या शटरकडे बघत उभी राहिली. एखाद्या वेडीसारखी दिसत असणार ती, कारण मालकानं कुलूप लावता लावता विचारलं, “अहो ताई, ऐकू आलं ना? वाढवलंय.”

ऐकू आलं होतं. चांगलं ऐकू आलं होतं. लहानपणी पुसदच्या दुकानाच्या फळ्या लावताना बाबा हेच म्हणायचे. उशिरानं कुणी पंक्चर घेऊन आलं की फळीवर चढून ती स्वतः ओरडायची, दुकान वाढलं, आता सकाळी या! ‘बंद’ म्हटलं की बाबा डोळे वटारायचे. जे उद्या उघडायचंय त्याला बंद म्हणू नये. नारळ फुटत नाही, वाढतो. बांगडी फुटत नाही, वाढते. आणि खराडीच्या काचेच्या इमारतीत बसून बसून तिच्या डोक्यात ‘वाढवणे’ या शब्दाचा एकच अर्थ उरला होता: डिस्क मोठी करणे.

“काखेत कळसा आणि गावाला वळसा,” ती स्वतःला म्हणाली. मग आणखीही काही म्हणाली, ते वऱ्हाडीत होतं. उपाशीपोटी ती तरातरा परत आली आणि काकांना फोन लावला. उचलला त्यांच्या पत्नीनं, मंदाकिनीकाकूंनी.

“ते झोपलेत. चारनंतर करा.”

“काकू, एकच विचारते. काकांनी डेटाबेस वाढवला म्हणजे... बंद केला का?”

“अगं, असं अभद्र का बोलतेस? वाढवला म्हणजे वाढवला. घरातला टीव्हीसुद्धा वाढवतात ते. थांब, उठवते.”

काका आले. रुपालीनं जे घडलं ते सांगितलं.

“म्हणजे कालपासून तो कुणी उघडलाच नाही?” काका म्हणाले. “मी अस्मिताबाईंना स्पष्ट सांगितलं होतं, वाढवलाय, उद्या बघून घ्या. उघडताना त्या मला विचारतील असं धरून चाललो होतो.”

“त्यांना वाटलं तुम्ही मोठा केलात.”

“मोठा कशाला करीन? आहे तोच पुरतोय.”

“वीज आल्यावर तो आपोआप चालू व्हायला हवा ना, काका? सगळीकडे तशीच सोय असते.”

“ती मी काढून टाकलीय. आपण न उठवता उठणारी वस्तू मला पटत नाही. असो. आता आत जायला पासवर्ड लागेल.”

“हो.”

“तो फोनवर सांगत नसतात.”

रुपालीनं डोळे मिटले. तिला रडू येईल की ती किंचाळेल हे तिचं तिलाच कळेना. सोमवारचा पेपर, मावशींनी आठवडाभर बसून केलेलं वाचन, एका मुलीचं अख्खं वर्ष, आणि मधे हा नारायण पेठेतला नियम! “काका,” ती आता अजिबात गोड न बोलता म्हणाली, “इथे चैताली सकाळपासून उपाशी बसलीय. तिच्याच नोट्स अडकल्यात. परवा पेपर आहे तिचा. पासवर्ड मोठा की मुलगी?”

मग काकांचा आवाज एकदम उतरला. “चैताली आहे? आधी सांगायचं की. तिला फोन द्या. आणि आपण जरा पाठ करून उभ्या राहा.”

आतल्या खोलीत चैताली जुन्या यंत्रासमोर बसली. फोन खांदा आणि कान यांच्यात धरून तिनं बोटांनी कीबोर्डवरच्या खुणा चाचपल्या. रुपाली खरोखरच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत यंत्राकडे पाठ करून केलेली ही पहिलीच दुरुस्ती होती, आणि योगेशला हे कसं सांगायचं हा वेगळाच प्रश्न होता.

“हं... हं... मोठा की छोटा?... झालं, काका.” चैतालीनं कळ दाबली. “ताई, वळा आता.”

पुढचं काम खरोखर जरा होतं. डेटाबेस थांबलेला, एक कळ, डेटाबेस चालू. बाहेरच्या सर्व्हरनं ते रडकं वाक्य गिळून टाकलं आणि पुस्तकांची नावं भराभर पडद्यावर आली. अख्खा डोंगर पोखरून उंदीर निघाला, आणि तोही सकाळपासून समोर बसलेला. तिनं पुराव्याच्या कायद्याची फाइल शोधून लावली. एका वयस्कर बाईंचा आवाज खोलीत पसरला, “प्रकरण पहिलं. पुरावा म्हणजे काय.” चैतालीनं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ती हसत होती की काय ते कळत नव्हतं. मग तिनं पेनड्राइव्ह पुढे केला.

“ताई, मी काही बोलत नव्हते सकाळपासून,” ती म्हणाली, “पण मी ना, घरी जायची बॅग भरून ठेवली होती.”

रुपालीनं तिला पेनड्राइव्ह भरून दिला, दारापर्यंत सोडलं, आणि ती काठी उलगडून सराईतपणे फाटकाबाहेर जाईपर्यंत बघत राहिली. तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. पण काहीतरी डोक्यात खुपत होतं, चपलेत खडा गेल्यासारखं. सकाळचं सगळं बोलणं तिनं मनात परत फिरवून पाहिलं. काय म्हणाली होती ती चैतालीला? या वयात पाडव्याला दुकान वाढवलं त्यांनी.

ती पायरीवरच बसली. गाळा घेतला असं बाबा कधी म्हणाले होते? नव्हते म्हणाले. गाळा तिनं घेतला होता, स्वतःच्या डोक्यात. ते एवढंच म्हणाले होते, “दुकान वाढोलं बाई म्या आज.” आणि आवाज पडलेला होता, तो तिनं रेंजवर ढकलला होता.

तिनं फोन लावला. पहिल्याच घंटीला उचलला गेला.

“झाली का मीटिंग?”

“बाबा,” ती म्हणाली, आणि इतक्या वर्षांनी माणसाशी बोलताना तिच्या तोंडून यंत्रांची बोली आपोआप बाहेर पडली. “दुकान वाढोलं म्हणजे... कायमचंच का?”

“मंग? कायमचंच. गुडघ्यानं बसवतच नाही ना खाली. अन् सायकल तरी कोन आनते आता.” मग म्हणाले, “म्या सांगतलं होतं नं तुले पाडव्याले. तू अभिनंदन म्हटलं.”

“मले वाटलं...”

“बरोबरच म्हटलं तू. वर्षभर मांगं लागली होती. म्या म्हटलं, पोरीले बरं वाटलं, बाप सुटला एकदाचा.”

पायरीवर ऊन आलं होतं. कोपऱ्यावरच्या फरसाणाच्या दुकानाचं शटर अजून खालीच होतं, पण ते चार वाजता वर जाणार होतं. पुसदच्या फळ्या आता निघणार नव्हत्या, आणि त्या लावल्या तेव्हा फळीवर चढून ओरडायला कुणी नव्हतं. रुपालीनं पदरासारखी ओढणी डोळ्यांना लावली.

“मग आता दिवसभर काय करता, बाबा?”

“काई नाही,” बाबा म्हणाले. “तुले फोन लावतो.”